इतिवृत्तात नाही

मी दूध संस्थेची सचिव. सभेत ठरतं ते लिहिते :
विषय क्रमांक, सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर.
चेअरमनबाई खुर्ची दाराच्या तोंडाला घेऊन बसतात
याला रकाना नाही.

राजाक्का मगदूम.
निवडून आल्या त्या दिवशी हारसुद्धा काढला नव्हता,
स्क्रू-ड्रायव्हर मागितला
आणि ऑफिसच्या दाराची बाहेरची कडी उतरवली.
चार स्क्रू टेबलावर.
"कुलूप कपाटाला लाव. दाराला नको."
चोरी झाली तर?
"म्हादबा झोपतोय की उंबऱ्यात."

बाळगोंडा संचालक मिशीत हसले.
गावाला ठाऊक आहे, पण गाव त्याला 'तसलं' म्हणतं :
तिच्या बाबतीत तसलं झालं न्हवं का, सासरी.
तसलं म्हणजे सात महिने.
म्हणजे वैरणीची खोली, बाहेरून कडी,
आणि कडी वाजली की कळायचं नाही
भाकरी येतीय का माणूस.
एवढंच लिहिते. त्यांनी एवढंच सांगितलं.

मग दर गुरुवारी एसटीनं कोल्हापूर, सीपीआर,
दोन वर्षं. कधी स्टँडवरूनच परत.
तिथल्या बाईंनी शिकवलं,
आतून घेरलं की समोर दिसतंय ते मोज.
अजून मोजतात.
फॅटवरून सभा पेटते, कुणी टेबलावर मूठ आपटतं,
राजाक्का गप्प, नजर खिडकीबाहेरच्या कॅनांवर,
एक, दोन, चार, सतरा,
आणि संचालकांना वाटतं बाईला हिशेब उमजेना.
शेवटी म्हणतात, "उद्या सांगते."

पहिल्या वर्षी या दोन शब्दांची टिंगल झाली. चहाच्या गाड्यावर उधारी मागितली
तरी पोरं म्हणायची, उद्या सांगते.
दुसऱ्या वर्षी कळायला लागलं
की उद्या त्या खरंच सांगतात,
आणि काल ज्याची मूठ होती
त्याला आज तेच बोलणं
साध्या आवाजात बोलावं लागतं.
ते फार जणांना जमत नाही.

एकदाच उद्या म्हणाल्या नाहीत.
पाणी मारुतीच्या कट्ट्याला लागलेलं, लाईट गेलेली,
मळीच्या वस्तीवर एकशेचाळीस जनावरं दावणीला,
ट्रक येतोय, येतोय.
बाळगोंडा म्हणाले, बांधलेलं बरं. सुटलं ते गेलं.
कॅन दिसत नव्हते अंधारात.
"दावी कापा," म्हणाल्या.
"सोडत बसू नका. गाठी भिजल्यात. कापा!"
आवाज चिरकला होता. असा आवाज
मी त्यांचा आधी ऐकला नव्हता, नंतरही नाही.
विळा दोनदा हातातून पडला,
दुसऱ्यांदा पाण्यात. मग दातांनी.

अकरा आली नाहीत परत.
पाणी उतरल्यावर आप्पासो चौगुले सभेत उभा राहिला,
माझी म्हस तुम्ही घालवली, बाई.
कुणी म्हणालं नाही की बाकीची वाचली.
सतरा कॅन. उद्या सांगते.

दुसऱ्या दिवशी त्या बसल्या नाहीत, उभ्याच.
"अकरांची भरपाई राखीव निधीतनं द्यायची का, मत घ्या, मी भाईर थांबते.
कापलं ते चुकलं असंल.
पर बांधलेलं मरू देणं
माझ्याकडनं व्हायचं न्हाई,
तेवढं मताला टाकू नका."
जाता जाता मला : "लिही. निर्णय चेअरमनचा.
कुणाला न विचारता घेतलेला."
लिहिलं. इतिवृत्तात राजाक्कांचा
तेवढा एकच ठराव आहे ज्याला अनुमोदक नाही.

टँकरचं झाकण खाडकन पडलं की
अजून त्यांचा हात टेबलाची कड धरतो.
मी पेन खाली ठेवते, पाणी पुढं सरकवते,
बाळगोंडा हल्ली खिडकीबाहेर बघतात. मोजतात की काय, कोण जाणे.

ते चार स्क्रू ड्रॉवरमध्ये आहेत,
पावत्यांच्या डबीत, गंजलेले.
परवा आवराआवर करताना विचारलं, टाकून देऊ?
डबी हातात घेतली. हलवून बघितली.
"उद्या सांगते," म्हणाल्या.